आमच्या कपाटाचा श्वास

आमच्या कपाटाला श्वास घेता येत नाही, हे सगळ्यात आधी बायकोच्या लक्षात आलं. कपाट तिचं होतं, त्यामुळे तिला ते आधी कळणं स्वाभाविकच होतं. माझ्या लक्षात यायला आणखी अकरा दिवस लागले आणि तोवर आईच्या जिरेनियमच्या सात फांद्यांपैकी दोन गेल्या होत्या.

या गोष्टीला आता सतरा-अठरा वर्षं झाली. इमारतीतली जुनी माणसं अजूनही जिन्यात भेटली की आधी कपाटाची चौकशी करतात आणि मग माझ्या तब्येतीची. मी पेन्शन कचेरीत एकतीस वर्षं काढली. माझ्या हाताखालून गेलेल्या फायलीत कधी टाचणी वाकडी निघाली नाही. पण या इमारतीच्या स्मरणात मी राहणार तो ‘कपाटवाले’ म्हणूनच, आणि आता त्याला माझा इलाज नाही.

झालं होतं असं. आई गेल्यावर आम्ही नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आमच्याकडे घेऊन आलो. नानांचं पंख्याच्या मोटारी भरून द्यायचं दुकान होतं. जळालेल्या पंख्यातली तार काढायची, नवी गुंडाळायची, वर व्हार्निश चढवायचं आणि पंखा पुन्हा फिरता करायचा, हे त्यांनी चाळीस वर्षं केलं. दुकानात एका वेळी आठ-दहा पंखे फिरत असायचे. त्या घरघरीत बोलून काही उपयोग नसे, त्यामुळे नानांची बोलायची सवयच गेली होती. घरातलं बोलण्याचं खातं आईकडे होतं. आई गेली आणि ते खातं बंद पडलं.

दुकान मी चालवावं अशी त्यांची इच्छा होती. एकोणिसाव्या वर्षी मी ताठ मानेने सांगितलं की मला हात काळे करणारं काम नको, टेबल-खुर्चीचं हवं.  दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नानांनी मला एक शाईचं पेन आणून दिलं. हा विषय आमच्यात पुन्हा कधीच निघाला नाही.

आमच्याकडे येताना त्यांनी दोनच वस्तू बरोबर घेतल्या. एक हत्यारांचा पत्र्याचा डबा आणि दुसरी आईची जिरेनियमची कुंडी. या कुंडीबद्दल सांगायला हवं. नाना दुकानातून आले की साबणाने हात धुवायचे, पण व्हार्निशचा वास साबणाला दाद द्यायचा नाही. मग आई कुंडीतलं अगदी खालचं एक पान तोडून त्यांच्या तळहातावर ठेवायची. नाना ते दोन्ही हातांवर चोळायचे आणि मगच ताटावर बसायचे. जिरेनियमच्या पानाला लिंबू आणि गुलाब यांच्या मधला कुठला तरी वास असतो. रोज एक पान जाऊनही ते झाड कधी बोडकं झालं नाही, याचं मला लहानपणी फार नवल वाटायचं. आमच्या घरात जेवणाची वेळ घड्याळावर नव्हती, त्या वासावर होती.

आता आमचा फ्लॅट. दुसरा मजला, दोन खोल्या, आणि खिडकीसमोर हात लांब केला तर लागेल अशी शेजारच्या इमारतीची भिंत. ऊन यायचं दिवसातून पाऊण तास, तेही स्वयंपाकघरातल्या पातेल्यांवर. दोन महिन्यांत जिरेनियम पिवळं पडलं. नाना रोज सकाळी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसायचे आणि पानं मोजायचे. आई गेली तेव्हा ते रडले नव्हते. जेवण मात्र अर्ध्यावर आलं होतं. एक दिवस भाजी चिरता चिरता ही म्हणाली, “हे झाड गेलं ना, तर नानाही फार दिवस राहायचे नाहीत.” तिने ते अगदी सहज म्हटलं.

मी वाचनालयातून पुस्तक आणलं. त्यात लिहिलं होतं की ऊन नसेल तर ट्यूबलाइटच्या उजेडात बंद कपाटात झाडं वाढवता येतात, चौदा तास उजेड आणि दहा तास अंधार. जुनं खोड कुजायला लागलं होतं, म्हणून त्याच्या सात धडधाकट फांद्या काढून मी सात छोट्या कुंड्यांत लावल्या. प्रश्न उरला कपाटाचा. घरात कपाट एकच, हिचं, लग्नातलं, दाराला आरसा असलेलं. मी दोन दिवस शब्द जुळवत होतो. तिने तोंड उघडू दिलं नाही. स्वतःच सगळे कपडे काढले, पलंगावर ढीग घातला आणि म्हणाली, “महिनाभरात परत हवंय.” पुढचे पाच महिने आमच्या घरातली प्रत्येक खुर्ची काही ना काही नेसलेली असायची.

ट्यूबा मी स्वतः बसवल्या. आतल्या बाजूला चांदीसारखा कागद चिकटवला. दार लावलं की फटीतून पांढरा उजेड यायचा आणि घरात काहीतरी महत्त्वाचं चाललं आहे असं वाटायचं. आठवड्याभरात आतल्या बाजूने पाणी ठिबकायला लागलं. ट्यूबेची ऊब, ओली माती आणि बंद दार. फांद्यांवर उंदराच्या अंगावर असते तशी करडी लव आली. ही म्हणाली, कपाट गुदमरतंय. मी म्हणालो, पुस्तकात तसं काही नाही. पुस्तकात होतं, पण पुढच्या प्रकरणात होतं, आणि मी कुठलंही प्रकरण आधीच्यावर सही झाल्याशिवाय उघडत नाही.

दोन फांद्या गेल्यावर मी वरच्या मजल्यावरच्या पूलवाल्यांना बोलावलं. पूलवाले निवृत्त इंजिनिअर. आयुष्यात त्यांनी एकच पूल बांधला होता, पण तो अजून उभा असल्यामुळे जगातल्या कुठल्याही विषयावर बोलण्याचा हक्क आपल्याला मिळाला आहे असं ते मानत. त्यांनी कपाटाभोवती दोन फेऱ्या मारल्या, आरशात स्वतःचे केस सारखे केले आणि सांगितलं की हवा म्हणजे वाहतूक. खालून आत यायला हवी, वरून बाहेर जायला हवी, मध्ये कुठे तुंबता कामा नये. वर्तमानपत्राच्या कडेला त्यांनी नकाशा काढून दिला. त्यात कपाट कमी आणि पूल जास्त दिसत होता.

सुतार आला. त्याने दाराच्या तळाशी ओळीने नऊ भोकं पाडली आणि वरच्या फळीत पंख्यापुरतं एक मोठं. हिने लग्नातल्या कपाटाला पडलेली ती दहा भोकं एकेक करून पाहिली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. पंखा मी बाजारातून आणला होता, डबीएवढा, चौकोनी, एका बाजूला कंपनीच्या नावाचं गोल लेबल लावलेला. मी तो फळीखाली स्क्रूने बसवला. लेबलाची बाजू मी खाली, आत ठेवली आणि नाव सरळ येईल अशी काळजी घेतली, म्हणजे दार उघडून वर पाहिलं की ते नीट वाचता येईल. कचेरीत नावाची पाटी येणाऱ्याकडे तोंड करून असते. इतक्या वर्षांची सवय अशी एका दिवसात सुटत नाही.

मी स्टुलावर उभा होतो तेव्हा नाना हत्यारांचा डबा घेऊन मागे येऊन उभे राहिले. त्यांचे हात तेव्हा थरथरायला लागले होते. आदल्याच महिन्यात त्यांना इस्त्रीच्या वायरीचा झटका बसला होता. मला काळजी वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. चारचौघांत माझं काम दुसऱ्याने तपासलेलं मला आवडत नाही, आणि खाली पूलवाले उभे होते. मी म्हणालो, “नाना, हे नवीन पंखे आहेत, तुमच्या वेळचे नाहीत. तुम्ही हात लावू नका.”

नानांनी मान हलवली आणि डबा घेऊन आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

पंखा सुरू झाला. आता प्रश्न असा की कपाटातून निघालेली दमट हवा सोडायची कुठे. घरात सोडली तर कपडे आंबतील, असं हिने आधीच बजावलं होतं. मी बाहेरच्या भिंतीला चार बोटांचं भोक पाडायचं ठरवलं आणि रीतीप्रमाणे इमारतीच्या सेक्रेटरींना विचारलं. सेक्रेटरी तिसऱ्या मजल्यावर राहायचे आणि चोवीस तास सेक्रेटरीच असायचे. बाहेरची भिंत ही सर्वांची भिंत आहे, ते म्हणाले, नगरपालिकेची परवानगी आणा.

नगरपालिकेच्या बांधकाम खिडकीवर माझ्यासारखाच एक माणूस बसला होता. चष्मा माझ्यासारखाच नाकाच्या शेंड्यावर, आणि टाचण्यांची डबीसुद्धा त्याच बाजूला. मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

“खिडकी, दार की धुराडं?” त्याने विचारलं.

“भोक,” मी म्हणालो. “चार बोटांचं.”

“भोकाला रकाना नाही.”

त्यातून बाहेर काय पडणार, असं त्याने विचारलं. मी हवा म्हणालो. गरम की गार, कोरडी की दमट, अशी उलटतपासणी झाली. कोमट आणि किंचित दमट, असं मी प्रामाणिकपणे सांगितलं. त्याने धुराड्यावर खूण केली. धुराडं म्हटल्यावर ते गच्चीच्या वर पाच फूट जायला हवं होतं आणि दर वर्षी ते साफ केल्याचा दाखला जोडायला हवा होता. आमची इमारत पाच मजली. म्हणजे डबीएवढ्या पंख्यासाठी मला दुसऱ्या मजल्यापासून आभाळापर्यंत धुराडं बांधावं लागणार होतं. मी वाद घातला. तो शांतपणे म्हणाला, “साहेब, नियम मी केलेले नाहीत.” हे वाक्य मी स्वतः कचेरीत वर्षानुवर्षं म्हणत आलो होतो. ते असं ऐकू येतं हे मला त्या दिवशी कळलं. एका म्हाताऱ्या बाईंचा अर्ज मी तीन वेळा परत पाठवला होता, तो आठवून मी घरी येईपर्यंत बेचैन होतो.

शेवटी पूलवाल्यांनीच तोड काढली. इमारतीच्या मधोमध सगळ्या न्हाणीघरांना लागून एक बंदिस्त बोळकांडी होती. प्रत्येकाचा झरोका तिच्यात उघडायचा. ती बाहेरची भिंत नव्हती. कपाटाच्या माथ्यावरून एक सुरकुतलेला पाइप न्यायचा, छताला दोरीने टांगत पॅसेजमधून न्हाणीघरात आणि झरोक्यातून बाहेर. तसा पाइप आम्ही नेला. तो मान खाली घालून ओलांडावा लागायचा. आंघोळीला जाणारा प्रत्येक माणूस आमच्या घरात त्या दिवसापासून नम्र झाला.

आणि मग खरा तमाशा सुरू झाला. पाइप जोडल्याच्या दुसऱ्या सकाळी मी कपाट उघडलं तर आतून कांदा परतल्याचा वास आला. थोड्या वेळाने साबणाचा, मग केसांच्या तेलाचा. आमच्या ओल्या मातीला एकेका मजल्याचा वास यायला लागला. मी पूलवाल्यांना विचारलं. त्यांनी गंभीरपणे पाइपाला कान लावला आणि हा उलट दाब आहे असं निदान केलं. त्यांच्या पुलाखाली पहिल्या वर्षी पाणी असंच मागे चढलं होतं. उपाय एकच, जोर वाढवायचा. मी पंख्याचं बटण पूर्ण फिरवलं. वास दुप्पट झाला आणि कपाट आणखी ओलं झालं. तिसरी फांदी गेली.

वासापाठोपाठ आवाज आले. एकदा कुंड्यांना पाणी घालताना मी डोकं कपाटात घातलं होतं तेव्हा पाइपातून एक बायकी आवाज स्पष्ट ऐकू आला, “झाडं कपाटात आणि बायकोचे कपडे खुर्चीवर. त्या बाईची कमाल आहे.” दुसरी हसली. त्यानंतर मी कपाटवाले झालो. कपाटात डोकं घालून स्वतःबद्दल ऐकण्याची वेळ माझ्यावर यावी, आणि तरीही कुंड्या हलू नयेत म्हणून मला तसंच वाकून उभं राहावं लागावं, याची मला फार चीड आली.

पण त्याहून वाईट वेळ पुढे होती. एके सकाळी हिने कपाटाशेजारच्या खुर्चीवरची आपली शाल उचलली, नाक वर केलं आणि माझ्याकडे पाहिलं. कपाटाला सिगारेटचा वास येत होता. मी सिगारेट लग्नाआधी सोडली होती, तिच्याच अटीवर. “तेवीस वर्षांनी?” एवढंच ती म्हणाली. मी शपथा घेतल्या. दुसऱ्या दिवशी, बरोबर साडेसातला, पुन्हा तोच वास. तिसऱ्या दिवशीही तेच. घरात माझ्याशी बोलणारं माणूस उरलं नाही, कारण नाना तर मुळातच बोलत नव्हते.

या सगळ्या दिवसांत आणखी एक बारीकसा त्रास होता. कपाटाच्या खालच्या भोकांपैकी मधल्या भोकापाशी रोज सकाळी एक लाल दोरा लोंबत असायचा, बोटभर लांबीचा. हिच्या कपड्यांचा असणार म्हणून मी तो रोज काढून टाकायचो. हिला बोललोही, खुर्चीवरचे कपडे कपाटापासून लांब ठेव, दोरा पंख्यात गेला तर मोटार जळेल. ती म्हणाली, माझ्याकडे लाल कपडाच नाही. दुसऱ्या दिवशी दोरा पुन्हा तिथेच. एकदा तर तो भोकाच्या कडेला नीट गाठ मारून बांधलेला होता. मी कात्रीने कापला. नाना खुर्चीतून पाहत होते. ते रोज सकाळी एकदा कपाटापाशी यायचे, भोकांसमोर तळहात धरायचे, आणि परत जाऊन बसायचे. म्हाताऱ्या माणसाला उबेला हात धरावासा वाटतो, असं मला वाटलं.

चौथी गेली, पाचवी गेली. नाना आता पानं मोजायला उठत नव्हते. दोन फांद्यांची पानं बसल्या जागेवरूनही मोजता येत होती.

त्यात सेक्रेटरींची नोटीस आली. सामायिक बोळकांडीत विनापरवाना पाइप सोडून रहिवाशांच्या आरोग्यास धोका पोचवल्याबद्दल खुलासा करावा. रविवारी सकाळी जिन्याखाली सभा भरली. सगळे आले होते, सेक्रेटरींची बायकोसुद्धा. सेक्रेटरींनी नोटीस वाचून दाखवली. या गृहस्थांच्या कपाटातली घाण हवा आपल्या सर्वांच्या न्हाणीघरात जाते, असं ते म्हणाले. पूलवाल्यांनी मध्येच उलट दाबाबद्दल बोलायचा प्रयत्न केला. त्यांना खाली बसवण्यात आलं.

मी उठलो. मला कोणावर सूड घ्यायचा नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगायला तयार आहे. मी फक्त वस्तुस्थिती मांडली. माझ्याकडची हवा तुमच्याकडे जात असती तर मला आनंदच झाला असता, मी म्हणालो, पण तुमचीच सगळी हवा माझ्याकडे येते. कांदा येतो, साबण येतो, आणि रोज सकाळी बरोबर साडेसातला वरून सिगारेटचा वास येतो. वेळ मी वहीत लिहून ठेवली आहे, कारण त्यापायी माझ्या घरात माझ्याशी कोणी बोलत नाही.

 सेक्रेटरींच्या बायकोने हळूच मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. मला तोपर्यंत खरंच ठाऊक नव्हतं. पण सेक्रेटरींचा चेहरा पाहून ते पहिल्या मजल्यापासून पाचव्यापर्यंत सगळ्यांना एकदमच कळलं. माझ्या बायकोने पदर तोंडाला लावला. सेक्रेटरी घसा खाकरून म्हणाले की खुलासा समाधानकारक आहे आणि पाइपाला परवानगी देण्यात येत आहे. माझ्या आयुष्यात कुठलाही अर्ज इतक्या लवकर मंजूर झालेला नाही.

मी जिना अक्षरशः उड्या मारत चढलो. ही मागून येत होती आणि हसत होती, तेवीस वर्षांनी आलेला संशय फिटल्यावर बायका हसतात तशी. नानांना ही बातमी सांगायची होती, पण त्याआधी मी सरळ कपाटापाशी गेलो आणि दार उघडलं. सहावी फांदी देठातून वाकली होती. राहिली एक. तिला पाच पानं, त्यातलं एक पिवळं.

मी दार लावलं आणि खाली पाहिलं. मधल्या भोकात तो लाल दोरा पुन्हा बांधलेला होता, आणि माझ्या दिशेने आडवा उभारून थरथरत होता. सभेतला सगळा विजय माझ्या डोक्यातून उतरला आणि मी जवळजवळ ओरडलोच, “ही दोऱ्याची भानगड आहे तरी कोणाची?”

“माझी,” नाना मागून म्हणाले.

ते खुर्चीतून उठून माझ्याशेजारी येऊन उभे राहिले होते. त्यांनी दोऱ्याकडे बोट दाखवलं. “बाहेर येतोय बघ. खालच्या भोकातून हवा आत जायला हवी. पंखा उलटा बसलाय. नाव असतं त्या बाजूला हवा जाते.”

मी दार उघडून वर पाहिलं. सगळं एका क्षणात उलगडलं. पंखा कपाटातली हवा बाहेर टाकत नव्हता. अख्ख्या इमारतीच्या न्हाणीघरांची वाफ ओढून तो आईच्या झाडावर सोडत होता, आणि मी त्याचा जोर वाढवत होतो.

“कधीपासून माहीत होतं, नाना?”

“पहिल्या दिवसापासून. रोज दोरा बांधला. तू काढून टाकत होतास.”

“अहो, मग बोलला का नाहीत?”

नानांनी थोडा विचार केला. बोलायला त्यांना वेळ लागायचा. “तू हात लावू नका म्हणालास. मी हात नाही लावला. दोरा दिसला की तुला कळेल, वाटलं.” मग ते म्हणाले, “तुला कळायचं.”

आणि मला आठवलं. मी सात-आठ वर्षांचा होतो. दुकानात पंखा भरून तयार झाला की नाना माझ्याकडे नुसते पाहायचे, आणि मी आईच्या शिवणाच्या डब्यातून आणलेला लाल दोरा त्या पंख्याच्या जाळीला बांधायचो. त्या घरघरीत गिऱ्हाइकाशी बोलणं शक्य नसे. दोरा कुठे उडतो ते पाहून गिऱ्हाइकाला कळायचं की हवा कुठे जाते आहे, आणि गिऱ्हाइकाच्या आधी मला कळायचं. पंखा उलटा भरला गेला असेल तर मी नानांच्या बाहीला ओढायचो. एकदा ते गिऱ्हाइकाला खुणेने म्हणाले होते, हा माझा मुलगा. तो दोरा मी चाळीस दिवस रोज सकाळी केराच्या टोपलीत टाकला होता आणि एकदा कात्रीने कापला होता. मला तेव्हा जी लाज वाटली ती मी पुढे कुणाला सांगितली नाही. आता तेवढा वेळ गेला आहे म्हणून सांगतो.

मी स्क्रू-ड्रायव्हर आणायला निघालो तर नानांनी आपला पत्र्याचा डबा माझ्यापुढे धरला. आत पक्कडीच्या शेजारी आईच्या लाल दोऱ्याचं रीळ होतं. मी पंखा काढला. नानांनी तो हातात घेऊन फिरवून पाहिला, कानाशी धरला आणि म्हणाले, तेल नाही. तो नवा पंखा होता, पण मी डब्यातली तेलाची कुपी काढून दिली. त्यांचे हात थरथरत होते म्हणून मी पंखा धरला आणि त्यांनी तेल सोडलं, मग त्यांनी दाखवलं आणि मी सोडलं. पाऊण तास आम्ही दोघं त्या डबीएवढ्या यंत्राला धरून बसलो होतो. कंपनीचं नाव वर करून तो बसवला आणि बटण दाबलं. लाल दोरा एकदा गोंधळल्यासारखा हलला आणि सुर्रकन भोकातून आत गेला. पूलवाले दारातून पाहत होते. उलट दाबाबद्दल त्यांनी त्यानंतर एक अक्षर काढलं नाही.

ती एक फांदी जगली. त्या फांदीच्या फांद्यांवर पुढे अख्खी इमारत जगली म्हणायला हरकत नाही. पूलवाल्यांकडे तिची एक कुंडी होती, सेक्रेटरींच्या बायकोने सिगारेटच्या जागी नवऱ्याच्या हातात झारी दिली होती. नगरपालिकेतल्या त्या कारकुनालाही मी एक रोप नेऊन दिलं, त्याला कुठला रकाना लागतो ते न विचारता. ज्या म्हाताऱ्या बाईंचा अर्ज मी परत पाठवायचो, तो मी त्याच आठवड्यात मंजूर केला. नाना आणखी चार वर्षं आमच्यात होते आणि पूर्ण जेवत होते. कपाट हिला पाच महिन्यांनी परत मिळालं, दहा भोकांसकट. ती म्हणते, कपडे आता कधी कोंदट होत नाहीत.

पण मला त्यातलं काही इतकं आठवत नाही, जितकी त्या रविवारची दुपार आठवते. पंखा सरळ फिरत होता. ही ताटं वाढत होती. नानांनी कपाट उघडलं आणि त्या एकुलत्या एका फांदीचं सगळ्यात खालचं, पिवळं पडलेलं पान तोडलं. मी पुढे होणार होतो. हिने माझा दंड धरला. नानांनी ते पान दोन्ही तळहातांवर चोळलं आणि डोळे मिटून वास घेतला. इतक्या महिन्यांनी घरात जेवायची वेळ झाली होती.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या बोटांना तेल लागलं होतं, नखांत काळं शिरलं होतं. त्यांनी पानाचा उरलेला चुरा माझ्या तळहातावर ठेवला.

“घे,” ते म्हणाले. “तुझेही काळे झालेत.”